आधी लायक व्हा, मग देश मागा?

पॅलेस्टिनींना देश हवा असेल तर त्यांनी आधी हमास संपवावी, शस्त्रं खाली ठेवावीत, निवडणुका घ्याव्यात, शाळेतली पुस्तकं बदलावीत, कारभार सुधारावा, सीमा ठरवून घ्याव्यात आणि इस्रायलची संमती आणावी. मग मान्यतेचं बघू. हे मत आज मोठं समंजस मानलं जातं. रोम आणि बर्लिनच्या सरकारांपासून आपल्याकडच्या टीव्हीवरच्या चर्चांपर्यंत, आणि तिथून बोरघाट उतरून शिळफाट्यावर चहाला थांबलेल्या गाड्यांभोवतीच्या गप्पांपर्यंत, ते सारख्याच आत्मविश्वासाने मांडलं जातं. मांडणारा स्वतःला मध्यममार्गी समजतो. तो पॅलेस्टाईन नको म्हणत नाही, ‘आत्ताच नको’ म्हणतो. माझा राग आहे तो या ‘आत्ताच नको’वर. उघड नकाराला निदान समोरासमोर उत्तर देता येतं. अटींच्या यादीला अंतच नसतो, कारण यादी लिहिणाराही तोच आणि ती पूर्ण झाली की नाही हे ठरवणाराही तोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये जे घडलं ते आठवून पाहा. २१ तारखेला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगालने, तर दुसऱ्या दिवशी फ्रान्सने पॅलेस्टाईनला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी दीडशेहून अधिक देश आता मान्यता देणाऱ्यांत आहेत. पण त्याच आठवड्यात बेल्जियमने मान्यता जाहीर करता करताच सांगितलं की, ओलीस सुटेपर्यंत आणि हमास सत्तेतून दूर होईपर्यंत ती कायद्याने लागू होणार नाही. इटलीने त्याच दोन अटी पुढे केल्या. जर्मनी म्हणते, मान्यता वाटाघाटींच्या शेवटी. जपान आणि न्यूझीलंड म्हणतात, अजून वेळ आलेली नाही. ब्रिटनने जुलैमध्ये घातलेली अट तर आणखी विचित्र होती: इस्रायलने युद्ध थांबवण्याच्या दिशेने ठोस पावलं टाकली नाहीत, तर आम्ही पॅलेस्टाईनला मान्यता देऊ. म्हणजे इस्रायल नीट वागलं असतं, तर पॅलेस्टिनींचा देश लांबणीवर पडला असता. एका जनतेचा हक्क दुसऱ्याच्या सरकारला धाक घालण्यासाठी वापरायचा, हा कुठला न्याय?

भारताने हे केलं नाही. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्समध्ये पॅलेस्टाईनच्या राज्याची घोषणा झाली आणि १८ नोव्हेंबरला भारताने मान्यता दिली. तीन दिवसांत. एकही अट न घालता. त्यानंतर दिल्लीत काँग्रेसची, जनता दलाची, भाजपची, आघाड्यांची सरकारं आली. मान्यता कोणीही मागे घेतली नाही. २०१८ मध्ये भारताचे पंतप्रधान रामल्लाला गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये आमसभेत द्विराष्ट्र तोडग्याच्या बाजूने १४२ देशांनी मत दिलं, त्यांत भारत होता. मग आपल्याच देशात ही अटींची भाषा इतकी सोयीची का वाटू लागली आहे? आणि आपलं सरकार मधूनमधून तटस्थतेच्या आडोशाला का जातं?

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःचा देश असणं ही चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी पदवी नव्हे. तो हक्क आहे, आणि अट घातली की हक्काची मेहेरबानी होते. ज्यांनी अजून मान्यता दिलेली नाही त्यांनी ती विनाअट द्यावी, आणि भारताने हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं.

अटींचा हा खेळ कालपरवाचा नाही, शंभर वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर तुर्की साम्राज्यातून सुटलेल्या अरब प्रदेशांबद्दल १९१९च्या राष्ट्रसंघाच्या सनदेत कलम २२ आलं. हे लोक स्वतंत्र राष्ट्रं म्हणून तात्पुरते मानता येतील, पण स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतके समर्थ होईपर्यंत त्यांना दुसऱ्या सत्तेचं मार्गदर्शन हवं, असा त्याचा आशय. त्या शिकवणीतून इराक १९३२ मध्ये बाहेर पडला, लेबनॉन १९४३ मध्ये, सीरिया आणि ट्रान्सजॉर्डन १९४६ मध्ये. पॅलेस्टाईन तेवढा राहिला. तिथले अरब इराक्यांपेक्षा किंवा जॉर्डनच्या टोळ्यांपेक्षा कमी शिकलेले होते का? कमी संघटित होते का? नव्हते. त्यांच्या भूमीबद्दल ब्रिटनने १९१७ मध्येच ज्यूंना वचन देऊन ठेवलं होतं, एवढाच फरक. लायकीचा प्रश्न तेव्हाही खरा नव्हता, आजही नाही.

आणि ही भाषा आपल्याला अनोळखी का वाटावी? ऑगस्ट १९४० मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीयांना सांगितलं होतं की, देशातल्या मोठ्या समाजघटकांना जे सरकार मान्य नाही त्याच्या हाती सत्ता देता येणार नाही. म्हणजे आधी तुमच्यातली भांडणं मिटवा. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स आले आणि म्हणाले, वसाहतीचं स्वराज्य देऊ, पण युद्ध संपल्यावर. म्हणजे आधी आमची अडचण सरू दे. या दोन्ही अटी वरकरणी किती वाजवी होत्या! भांडणं खरी होती. युद्धही खरं होतं. तरी ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर काँग्रेसने ‘चले जाव’चा ठराव केला आणि त्यात ‘आम्ही लायक झालो की जा’ असं कुठेही नव्हतं.

आमच्या कर्जत-खालापूर भागाला या ठरावाची किंमत माहीत आहे. माथेरानमध्ये जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी कर्जत-नेरळच्या पट्ट्यातली शेतकरी पोरं गोळा करून आझाद दस्ता उभा केला. खोपोली आणि भिवपुरीची वीजगृहं याच पट्ट्यातली. मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे दस्त्याने रात्रीच्या अंधारात पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथेच पडले. कोतवाल तेव्हा तिशीत होते. दरवर्षी २ जानेवारीला आपण तिथे फुलं वाहतो, नेत्यांची भाषणं ऐकतो. मग बाकीच्या ३६४ दिवसांत दुसऱ्या एका जनतेला लिनलिथगोची अट ऐकवताना आपल्याला काहीच का वाटत नाही?

लगेच कोणीतरी म्हणेल, भाई कोतवालांची तुलना हमासशी करता? नाही, अजिबात नाही. दस्त्याने मनोरे पाडले, झोपलेल्या घरांत शिरून माणसं मारली नाहीत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. तो घोर गुन्हा होता आणि त्याचं समर्थन करणाऱ्याशी माझा काही संबंध नाही. तुलना आहे ती अट घालणाऱ्यांची. तेव्हाचा साम्राज्यवाला आणि आजचा समंजस माणूस यांचं वाक्य एकच आहे: तुमच्यातले काही वाईट आहेत, म्हणून तुमच्या सगळ्यांचा हक्क थांबवतो.

‘आधी हमास संपवा’ ही अट जरा जवळून पाहू, कारण सगळ्यांत वजनदार तीच मानली जाते. १९४८च्या आधी ज्यूंच्या बाजूनेही इर्गुन आणि लेही या सशस्त्र संघटना होत्या. २२ जुलै १९४६ रोजी इर्गुनने जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं, त्यात ९१ माणसं मेली. ९ एप्रिल १९४८ रोजी याच दोन संघटनांनी दैर यासीन गावात कत्तल केली. तरीही १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाल्यावर अमेरिकेने किती वेळाने मान्यता दिली? अकरा मिनिटांनी. ‘आधी इर्गुन विसर्जित करा’ असं अध्यक्ष ट्रुमन म्हणाले नाहीत. मग इर्गुनचं पुढे काय झालं? जून १९४८ मध्ये त्यांच्यासाठी शस्त्रं घेऊन ‘अल्टालेना’ नावाचं जहाज आलं, तेव्हा पंतप्रधान बेन गुरियन यांनी त्याच्यावर तोफा डागायला लावल्या. तेल अवीवच्या किनाऱ्यासमोर ते पेटलं. सप्टेंबरमध्ये लेहीने संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांचा खून केला, तेव्हा सरकारने त्या संघटनेवर बंदी घातली. इर्गुनचे नेते मेनाहेम बेगिन आणि लेहीचे नेते यित्झाक शमीर पुढे मतपेटीच्या वाटेने इस्रायलचे पंतप्रधान झाले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष अटीच्या नेमका उलटा आहे. खाजगी फौजा मोडण्याचं काम राज्य करतं. त्यासाठी आधी राज्य लागतं. त्याचे पोलीस, त्याचा खजिना, त्याचा अधिकार लागतो. ज्याला राज्यच मिळू द्यायचं नाही त्याला सांगायचं, आधी राज्यासारखं वागून दाखव! इस्रायलला जी सवलत अकरा मिनिटांत मिळाली ती पॅलेस्टाईनला सत्त्याहत्तर वर्षांत का मिळू नये?

‘मान्यता म्हणजे दहशतवादाला बक्षीस’ हा त्याच अटीचा पुढचा अवतार. बक्षीस कोणाला, हे तरी नीट पाहा. हमासला १९६७च्या सीमांवर इस्रायलच्या शेजारी नांदणारं पॅलेस्टाईन कधी हवं होतं? तिची सनद सगळी भूमी मागत होती. इस्रायलशेजारी राज्य हा मार्ग पीएलओ या पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचा. त्या संघटनेने १९८८ मध्ये दहशतवाद नाकारला, १९९३ मध्ये इस्रायलचं अस्तित्व लेखी मान्य केलं आणि त्याच महिन्यात ऑस्लो करारावर सही केली. बदल्यात काय मिळालं? इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी म्हणून मान्य केलं. पॅलेस्टाईनला देश म्हणून नाही. पाच वर्षांत अंतिम तोडगा निघायचा होता. त्याऐवजी पश्चिम किनारपट्टीवरच्या (वेस्ट बँक) वसाहतींतले इस्रायली लाखभरावरून पाच लाखांच्या घरात गेले, पूर्व जेरुसलेमचे वेगळेच. ज्याने बोलणी केली त्याची जमीन गेली. हा धडा तिथल्या प्रत्येक तरुणाने डोळ्यांनी पाहिला. बोलण्याने काही मिळत नाही, हे हमासचं म्हणणं खरं करून दाखवणाऱ्यांनीच आता बक्षिसाची भाषा करावी? मान्यता रोखली की जिंकतो तो बंदूकवाला. मान्यता दिली की त्याचा सगळ्यांत मोठा मुद्दा जातो.

‘सीमाच ठरलेल्या नाहीत, मग मान्यता कशाला देणार?’ हा मुद्दा कायद्याच्या भाषेत येतो म्हणून तो पक्का वाटतो. कर्जत-खालापुरातल्या माणसाला तरी तो पटायला नको. इथे फार्महाऊसवाल्यांनी जमिनी घ्यायला सुरुवात केल्यापासून तहसील कचेरीत मोजणीचे आणि बांधाचे वाद वर्षानुवर्षं चालू आहेत. बांधाचा वाद चालू आहे म्हणून सातबारावरचं नाव कोणी खोडतं का? देशांचंही तेच आहे. इस्रायलने स्वतःच्या घोषणेत सीमा लिहिल्याच नव्हत्या. आपण १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झालो तेव्हा फाळणीची रॅडक्लिफ रेषा जाहीरच झाली नव्हती; ती १७ ऑगस्टला झाली. गुरुदासपूर-माल्द्याकडच्या कित्येक लोकांनी दोन दिवस आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नसताना काढले. तेव्हा हैदराबाद बाहेर होतं, जुनागढ बाहेर होतं, आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं जंजिऱ्याचं सिद्दी संस्थानही अजून विलीन व्हायचं होतं. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. म्हणून १९४७चा भारत देश नव्हता?

त्याहून जवळचं उदाहरण बांगलादेशाचं. भारताने त्याला ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली. ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं १६ डिसेंबरला. म्हणजे मान्यतेच्या दिवशी राजधानी शत्रूच्या ताब्यात होती, नेते निर्वासित होते, मुक्तिवाहिनीच्या हातात बंदुका होत्या. आणि सीमा? दोन्ही बाजूंच्या भूमीत अडकलेल्या गावांचा प्रश्न सुटला २०१५ मध्ये, राज्यघटनेची शंभरावी दुरुस्ती करून. मान्यतेनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. भारताने आधी नकाशा मागितला असता तर? त्या निर्णयाचा आपण आजही अभिमान बाळगतो. तो रास्त आहे. मग तेच माप दुसऱ्याला लावायला काय हरकत आहे?

‘त्यांना कारभार जमत नाही, पॅलेस्टिनी प्राधिकरण भ्रष्ट आहे, वीस वर्षं निवडणूक नाही’ हे सगळे दोष खरे आहेत आणि ते सर्वांत मोठ्याने बोलून दाखवणारे पॅलेस्टिनीच आहेत. पण कारभार कशावर करायचा? ऑस्लोच्या व्यवस्थेत पश्चिम किनारपट्टीचा सुमारे साठ टक्के भाग ‘क’ क्षेत्र म्हणून पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात आहे. १९९४च्या पॅरिस करारानुसार आयातीवरचा कर इस्रायल गोळा करतं आणि प्राधिकरणाला देतं. मनात आलं की तो पैसा अडवतं आणि रामल्लाच्या शाळामास्तरांचे, नर्सांचे पगार अर्धे होतात. जन्मलेल्या मुलाला ओळखपत्र मिळायचं तर लोकसंख्येच्या नोंदवहीवर शेवटचा हात इस्रायलचा. गावातून शेतात जायला परवाना, ऑलिव्ह तोडायला परवाना. तिजोरीची किल्ली, रस्ता आणि जन्मनोंद दुसऱ्याच्या हातात ठेवून ‘तुम्हाला राज्य चालवता येत नाही’ म्हणणं हे परीक्षण नव्हे, बहाणा आहे. आणि भ्रष्टाचारामुळे देशाचा हक्क जात असेल, तर जगातले किती देश उरतील?

‘वाटाघाटीतून यावं, इस्रायलच्या संमतीने यावं’ ही अट सर्वांत सभ्य, आणि म्हणूनच सर्वांत घातक. जुलै २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने पॅलेस्टिनी राज्याच्या निर्मितीला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६७ पासूनचा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ई-१’ नावाच्या वसाहत प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तो पूर्ण झाला की पूर्व जेरुसलेमपासून पश्चिम किनारपट्टी तुटते. ज्याच्या ताब्यातून देश सुटायचा आहे त्याच्याच सहीची अट घातली की तो देश कधी होणार? पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं १९७४ मध्ये. लिस्बनच्या संमतीची वाट पाहिली असती तर गोव्याला आणखी तेरा वर्षं थांबावं लागलं असतं. त्या तेरा वर्षांचं समर्थन कोणता गोवेकर करील?

अर्ध्यामुर्ध्या मान्यतेचं दुखणं मराठी माणसाने आपल्याच प्रजासत्ताकात अनुभवलं आहे. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न राज्याचा होता, देशाचा नव्हता. दडपशाहीही त्या पातळीची नव्हती. पण अटीचा साचा तोच होता. जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीने सांगितलं, महाराष्ट्र घ्या, मुंबई केंद्राकडे राहील. तेव्हा कुलाबा मतदारसंघाचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपद सोडलं. शंभराहून अधिक माणसं गोळीबारात गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबईशिवायच्या महाराष्ट्राला आपण नाही म्हटलं. मग जेरुसलेमशिवाय, सीमेशिवाय, सैन्याशिवाय, स्वतःच्या करांशिवाय पॅलेस्टाईन घ्या असं त्यांना सांगताना आपली जीभ अडत कशी नाही?

‘पण इस्रायल आपला मित्र आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात जोरात ऐकू येतं, आणि त्याला भावनेचा आधार आहे. कारगिलच्या वेळी इस्रायलने मदत केली. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यू माणसं मारली गेली. आमच्या जिल्ह्याचं नातं तर रक्तामांसाचं आहे. बेने इस्रायल ही रायगडची माणसं. नागाव, रोहा, पेण, किहीम, चौल ही आपली गावं त्यांनी आडनावांत जपली: नागावकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, चौलकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून इथले लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आज दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथे त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. हे नातं मला प्रिय आहे आणि इस्रायलच्या सुरक्षित अस्तित्वाचा हक्क मला तितकाच विनाअट मान्य आहे.

म्हणूनच मी बेने इस्रायलांचीच साक्ष काढतो. कोकणातून गेलेल्या या माणसांना नव्या देशात काय ऐकावं लागलं? १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने आदेश काढला: बेने इस्रायल मुलामुलीचं इतर ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या किंवा त्याच्या आईची, आईच्या आईची, जितकी मागे जाता येईल तितकी वंशावळ तपासा. शतकानुशतकं शब्बाथ पाळत आलेल्या माणसांना सांगण्यात आलं, आधी सिद्ध करा. लग्न ठरलेल्या मुली रखडल्या. नागावच्या पणजीचा दाखला बीरशेबात कोण आणून देणार? बेने इस्रायलांनी तपासणीचे अर्ज भरत बसणं नाकारलं. १९६४च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरण्यावर बसले, प्रश्न संसदेत गेला, पंतप्रधान लेव्ही एश्कोल त्यांच्या बाजूने बोलले आणि त्याच वर्षी धर्मपीठाला तो आदेश मागे घ्यावा लागला. आम्ही ज्यू आहोत, अर्धे नाही, तपासणीनंतरचे नाही, ही त्यांची मागणी होती. रायगडच्या माणसांनी इस्रायलमध्ये विनाअट मान्यता लढून मिळवली. त्यांच्या जिल्ह्यातल्या आपण ती मागणी समजून घेऊ नये?

आणि मैत्रीचं म्हणाल, तर भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, आणि या सगळ्या काळात पॅलेस्टाईनची बाजूही सोडली नाही. दोन्ही एकत्र चालतं हे भारताने स्वतःच करून दाखवलं आहे. मित्राच्या चुकीपुढे गप्प बसणं हा मैत्रीचा पुरावा नसतो.

उरला तो सगळ्यांत लोकप्रिय आक्षेप: आपल्याला काय करायचंय? जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानावर निदर्शनं करण्याच्या परवानगीचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा खंडपीठाने तो फेटाळताना आपल्या देशात कचरा, प्रदूषण, पूर असे पुरेसे प्रश्न आहेत, त्यांकडे बघा, अशा अर्थाची टिप्पणी केली. न्यायालयाचा मान राखूनही ती टिप्पणी मला मान्य नाही. जवळचं दुःख आणि दूरचं दुःख एकमेकांच्या वाट्याचं खात नाहीत. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वर गाडी जात नव्हती, जेसीबी चढत नव्हता. चिखलाच्या पायवाटेने माणसं कुदळ-फावडी घेऊन चढली. चौकची, खोपोलीची, पनवेलची, मुंबईची, ओळखीची आणि अनोळखी. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण ढिगाऱ्याखाली राहिले. त्या पावसात वर चढलेल्यांपैकी कोणी विचारलं नाही की आपल्या तालुक्यात काय कमी प्रश्न आहेत. आणि ‘इथलं आधी बघा’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो: इथलं तुम्ही किती पाहिलंत? ठाकर-कातकरी वाड्यांच्या पुनर्वसनाच्या बैठकीला कितीदा गेलात? ज्याला गाझातल्या भुकेचं काही वाटत नाही त्याला वाडीतल्या भुकेचं वाटतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

शिवाय ही लढाई आपल्यापासून फार लांबही नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले. त्यांच्या जागी गवंडी, सुतार, लोखंड बांधणारे भारतातून नेण्यासाठी सरकारी पातळीवर भरती झाली आणि तिची एक फेरी २०२४ मध्ये महाराष्ट्रातही झाली. आपल्या पोरांना काम मिळावं, यात वाद नाही. पण ते काम कोणाच्या हातून काढून घेतलं, हे माहीत असताना ‘आपल्याला काय’ म्हणता येत नाही.

‘मान्यतेच्या कागदाने काय होणार?’ असं शेवटी थकून विचारतात. कागदाने काहीच होत नसेल तर तो अडवायला एवढी धडपड का? एप्रिल २०२४ मध्ये पॅलेस्टाईनच्या पूर्ण सदस्यत्वाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार का वापरला? कागदाने फरक पडतो म्हणूनच. मान्यता मिळाली की तो प्रदेश ‘वादग्रस्त’ राहत नाही, एका देशाची व्यापलेली भूमी ठरतो. त्याला करार करता येतात, दूतावास उघडता येतात, न्यायालयात देश म्हणून उभं राहता येतं. गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार साठ हजारांहून अधिक माणसं मेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पाठिंबा असलेल्या तज्ज्ञांनी गाझा शहरात दुष्काळ जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये शस्त्रसंधी झाली. आता पुढच्या व्यवस्थेची बोलणी होतील, आणि त्यांत पॅलेस्टिनी देश म्हणून बसणार की ज्यांच्याविषयी इतरांनी निर्णय घ्यायचा अशी लोकसंख्या म्हणून, हे या कागदावर ठरणार आहे.

भारत सरकारकडे मागणी म्हणून तीन गोष्टी. १२ जून २०२५ रोजी आमसभेत गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावाला १४९ देशांनी पाठिंबा दिला आणि भारत तटस्थ राहिला. ही तटस्थता थांबवा. १९८८ मध्ये मान्यता देणाऱ्या देशाला ती शोभत नाही. रामल्लातल्या आपल्या प्रतिनिधी कार्यालयाला दूतावासाचा दर्जा द्या. आणि जपान, जर्मनी, इटली, अमेरिका यांच्याशी बोलणी होतात तेव्हा उघड सांगा की मान्यता विनाअट द्या; आम्ही दिली, त्याने इस्रायल बुडालं नाही आणि भारताचं काही बिघडलं नाही.

वाचकांकडेही एक मागणी आहे. आपला कर्जत मतदारसंघ मावळ लोकसभेत येतो. रस्त्याच्या खड्ड्यांसाठी आपण खासदारांना निवेदन देतो, तसं याही विषयावर एक पत्र लिहा. त्यांना विचारा, संसदेत या प्रश्नावर तुम्ही काय बोललात. आणि यापुढे कोणी ‘आधी लायक व्हा, मग देश मागा’ म्हणालं, तर गप्प बसू नका. भारताने स्वतः कोणाची अट पूर्ण करून स्वातंत्र्य घेतलं नाही. पॅलेस्टाईनलाही ती घालण्याचा अधिकार कोणाला नाही.